लाल रंग कोणत्या सालचा?

इगतपुरीत लोखंडाला रंगाशिवाय दिवस काढता येत नाहीत. सह्याद्रीच्या माथ्यावर, सुमारे 600 मीटर उंचीवरच्या या गावात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. इथून पन्नासेक किलोमीटरवरचे सिन्नर पावसासाठी आभाळाकडे बघत बसते, आणि इथे मात्र उघड्यावर राहिलेला पत्रा दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सोडू लागतो. अशा मुलखात जुना ट्रॅक्टर हौसेने सांभाळणारा माणूस रंगाचा डबा आणून ठेवतो आणि पुढे महिनोन् महिने तो उघडतच नाही, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते खूळ वाटते. रंग उडालाय, डबा आणलाय, गॅरेजवाला तयार आहे, मग अडतेय कुठे? माझे म्हणणे असे की हे अडखळणे बरोबर आहे. त्याची कारणे परदेशी हौशी मंडळींच्या चर्चांत शोधायला नकोत. यंत्रे आणि रंग यांचा इगतपुरीच्या आसपासचा इतिहास पाहिला तरी ती सापडतात. हा इतिहास दोन गोष्टी सांगतो. एक, रंग देणे हा इथे कामाचाच भाग होता. दुसरी, कोणत्याही यंत्राला ‘मूळ रंग’ असा एकच रंग फार काळ राहिला नाही. मग हौशी माणूस जेव्हा ‘पहिल्यासारखा’ करायला निघतो, तेव्हा पहिला म्हणजे कोणत्या सालचा, हा प्रश्न त्याला सुटत नाही आणि सुटूही नये.

सुरुवात रेल्वेपासून करावी लागते, कारण इगतपुरीला यंत्र म्हणून जे काही आले ते आधी रुळावरून आले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा थळ घाटातला मार्ग 1865 साली खुला झाला. 37 फुटांना एक फूट असा तो चढ गाडीच्या एका इंजिनाला पेलत नाही. म्हणून कसाऱ्याहून गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिने लावायची पद्धत पडली आणि ती इगतपुरीला सुटू लागली. 1930 पर्यंत कल्याण-इगतपुरी मार्गाचे विद्युतीकरण झाले. त्यासाठी आणलेल्या मालगाडीच्या 41 विद्युत इंजिनांना रेल्वेच्या दप्तरी ईएफ-1 म्हणत, पुढे त्यांना डब्ल्यूसीजी-1 हे नाव मिळाले. पुढे-मागे लांब नाक, चाकांना जोडणारे वरखाली होणारे दांडे आणि चालताना येणारा कण्हल्यासारखा आवाज, यामुळे लोकांनी त्यांना ‘खेकडा’ म्हटले. पहिली काही इंजिने स्वित्झर्लंडच्या विंटरथूरला तयार झाली, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत. ती 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत राबली, म्हणजे साठेक वर्षे. या साठ वर्षांत इंजिन ठरावीक मुदतीने कारखान्यात उघडायचे, दुरुस्त करायचे आणि रंगवून परत घाटात पाठवायचे हा शिरस्ता होता. मध्य रेल्वे हे नाव आले, नंबर बदलले, अक्षरे बदलली. आज या जातीचे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पाहायला मिळते, आणि अर्थातच ते रंगवलेले आहे. संग्रहालयाला दुसरा इलाज नव्हता. उघड्यावरचे लोखंड आहे. पण तो रंग पाहणाऱ्याला इंजिनाच्या आयुष्यातला एकच मुहूर्त दिसतो, बाकीची वर्षे त्याखाली गेली. रेल्वेकडे निदान कारखान्यांची दप्तरे आहेत, जुनी छायाचित्रे आहेत, इंजिनांवर प्रेम करणाऱ्यांनी ठेवलेली टिपणे आहेत. शेतातल्या ट्रॅक्टरचे दप्तर कोणीच ठेवलेले नाही. जे काही लिहिलेले आहे ते त्याच्या पत्र्यावरच आहे.

आता तो पत्रा वाचू. महाराष्ट्रात हौसेने जपले जाणारे जे जुने ट्रॅक्टर आहेत, त्यांत बी-275 हे नाव वारंवार येते. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीने 1958 पासून इंग्लंडमध्ये हे मॉडेल बनवले. 1963 साली महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि मुंबईच्या कांदिवलीत हा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. बोनेटवर नाव ‘इंटरनॅशनल’. 1977 मध्ये ही कंपनी महिंद्रात विलीन झाली आणि बोनेटवरचे नाव हळूहळू पालटले. आकडा मात्र इतका चिकट निघाला की 275 आजही महिंद्राच्या मॉडेलवर आहे. म्हणजे एकाच यंत्राच्या दोन पिढ्यांमध्ये फरक सांगणारी खूण इंजिनात कमी आणि बोनेटच्या बाजूवरच्या अक्षरांत जास्त. गॅरेजवाला जेव्हा जुना लाल रंग घासून नवा लाल मारतो आणि त्यावर आज बाजारात सहज मिळते ते नाव चिकटवतो, तेव्हा 1960 च्या दशकातला ट्रॅक्टर एका दुपारीत वीस वर्षांनी तरुण होतो. फसवायचा हेतू नसतो. जे स्टिकर मिळते ते लावले, इतकेच. पण पुढे कोणी तो ट्रॅक्टर पाहून साल ठरवू लागला तर चुकणार.

आणि तो लाल तरी सनातन कुठे आहे? इंटरनॅशनल हार्वेस्टरचे ट्रॅक्टर 1936 पर्यंत करडे होते. त्या वर्षी कंपनीने लाल धरला. हॅरी फर्ग्युसनचे युद्धानंतर गाजलेले छोटे ट्रॅक्टर करड्या रंगात येत. त्याच घराण्यातला 35 हा ट्रॅक्टर 1956 मध्ये करड्या-सोनेरी रंगात निघाला आणि वर्ष-दीड वर्षात लाल-करडा झाला, कारण एकत्र आलेल्या दोन कंपन्यांचे विक्रेते एक करायचे होते. फोर्डसन निळा, मग नारिंगी, मग हिरवा, मग पुन्हा निळा, असा फिरला. ट्रॅक्टरचा रंग ही कारखान्याची विक्रीची युक्ती होती. विलीनीकरण झाले की रंग फिरायचा, विक्रेते बदलले की फिरायचा. शेतकऱ्याने मात्र त्या युक्तीला निष्ठेचे रूप दिले. आमचा लाल, त्यांचा निळा, अशी भाषा आजही बाजारात ऐकू येते. तेव्हा कारखान्यातून बाहेर पडतानाच्या रंगाला ‘खरा’ मानणे म्हणजे यंत्राच्या आयुष्यातला एक दिवस, तोही विक्री खात्याने ठरवलेला, बाकी सगळ्या दिवसांपेक्षा मोठा मानणे. मला हा न्याय पटत नाही.

बाकीचे दिवस कोणते? इगतपुरी तालुका भाताचा. नागली, वरईची वरकस जमीन डोंगरउतारावर आणि खाचरात भात. राब भाजायचा, रोप टाकायचे, पाऊस धरला की चिखलणी करायची आणि आवणी. हे काम पिढ्यान् पिढ्या बैलांचे होते, आणि बैलही इथल्या पावसाला साजेसे, डांगी. त्यांच्या कातडीतून तेलकट अंश पाझरतो आणि धो धो पावसात ते टिकतात, ही या जातीची ओळख. लहान खाचरांत ट्रॅक्टर उशिरा शिरला, आणि शिरला तो बहुधा जुना होऊन. नवा ट्रॅक्टर मोठ्या बागायतदाराकडे, तो विकला की मधल्या शेतकऱ्याकडे, आणि शेवटी भाड्याने चिखलणी करून देणाऱ्याकडे, ही त्याची उतरंड सगळीकडचीच. रबरी टायर काढून लोखंडी केजव्हील चढवले की तो गुडघाभर चिखलात चालतो. त्या चिखलाची रेघ मडगार्डच्या आतल्या बाजूला, धुऊनही न निघणारी, राहते. ड्रायव्हरच्या बुटाने पायरीजवळचा रंग धातूपर्यंत झिजतो. ट्रॉलीची पिन काढताना हात टेकतो तिथे रंग गुळगुळीत होतो. आणि प्रत्येक मालक आपले काहीतरी वर चढवतो: गावाचे नाव, ग्रामदैवताचे, पोराचे. 1989 च्या आधीच्या ट्रॅक्टरवर ‘एम’पासून सुरू होणारा तीन अक्षरांचा जुना नंबर; नव्या पद्धतीत नाशिकला एमएच-15 मिळाले. जुनी अक्षरे ब्रशने काढलेली असत. वळणदार देवनागरी, खाली सावली, अक्षराच्या पोटात पिवळी रेघ. हे काम करणारा पेंटर दुकानाच्या पाट्या, ट्रकचे मागचे फळे आणि निवडणुकीच्या भिंती यांवर जगत होता. रेडियमची दुकाने आली, मग संगणकावर कापलेली अक्षरे आली, आणि तो धंदा बसला. त्याच्या हाताचे काम आता भिंतींवर उरलेले नाही, कारण भिंती दर निवडणुकीला पुसल्या जातात. जुन्या मडगार्डांवर आणि ट्रॉल्यांच्या फळ्यांवर ते कुठे कुठे आहे, तेवढेच. पॉलिशपेपर फिरवण्याआधी निदान हे ठाऊक असावे.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो तगडा आहे. आपल्याकडे रंग चढवणे हाच जपण्याचा रिवाज आहे, असे कोणी म्हणेल. पोळ्याला बैलाची शिंगे साळतात, म्हणजे जुना रंग आणि वरचा खडबडीत थर तासून काढतात, मग हिंगूळ लावतात. बैलाच्या शिंगावरचा गेल्या वर्षीचा रंग जपून ठेवा असे कोणी सांगत नाही. दसऱ्याला अवजारे धुऊन पुसून पूजेला मांडतात. आता तर पोळ्याला ट्रॅक्टरही सजतो. देवाला शेंदूर चढवतात, तोही थरावर थर. मग हौशी माणसाने हात आखडणे हे परक्यांचे अनुकरण नाही का? मला वाटते रिवाज नीट पाहिला तर तो उलटीच साक्ष देतो. शिंग तासले तरी बैल जिवंत असतो, शिंग वाढते. पोळ्याचा रंग पुढच्या कामासाठी असतो. त्यातून काही पुसले जात नाही, कारण बैलाची ओळख रंगात ठेवलेलीच नसते. चालत्या ट्रॅक्टरलाही हेच लागू आहे. जो आजही चिखलणी करतो त्याला मालकाने खुशाल दरवर्षी रंगवावा. त्यात त्याच्या इतिहासाची पुढची ओळ लिहिली जाते. हौशी माणसाचा ट्रॅक्टर कामातून निवृत्त झालेला आहे. त्याच्यावर आता नवी ओळ फारशी पडणार नाही. त्याला दिलेला नवाकोरा रंग हा त्या यंत्राचा शेवटचा थर ठरण्याची शक्यता मोठी, आणि तो थर सांगणार काय, तर हे यंत्र कधी वापरलेच नव्हते.

शेंदराचे उदाहरण याहून बोलके आहे आणि ते नाशिक जिल्ह्यातलेच आहे. वणीच्या सप्तशृंगी गडावरील देवीच्या मूर्तीवर पिढ्यान् पिढ्या चढलेला शेकडो किलोंचा शेंदूर 2022 साली तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उतरवण्यात आला. मंदिर सुमारे दीड महिना दर्शनासाठी बंद होते. थर निघाल्यावर दगडात कोरलेले बारकावे दिसू लागले आणि भक्तांना देवीचे रूप निराळे भासले. या घटनेतून दोन्ही बाजूंचे लोक आपापला पुरावा काढू शकतात. थर काढला म्हणून मूळ दिसले, हे खरे. पण त्याआधी शेंदरानेच दगडाला झाकून ठेवले होते, हेही खरे. आणि थर उतरवायचा निर्णय कोणा एकाने सुट्टीच्या दिवशी घेतला नव्हता. अभ्यास झाला, परवानग्या झाल्या, मग हात लावला. मला यातून घ्यावासा वाटतो तो क्रम: आधी बघणे, मग नोंदणे, मग ठरवणे. जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा लाल ऑक्साईड, आणि लोखंडी पुलांना गंज लागू नये म्हणून जवसाच्या तेलात कालवून पूर्वी जो पहिला हात देत तोही हाच पदार्थ. तेलातल्या आम्लांशी त्याचा संयोग होऊन जे शिशाचे साबण बनतात ते गंज रोखतात. मारुतीच्या अंगावर आणि पुलाच्या तुळईवर एकच द्रव्य, तेही तेलात कालवलेले. म्हणूनच जुन्या यंत्राचा रंग कोरडा घासणे धोक्याचे आहे. जुन्या प्रायमरमध्ये आणि जुन्या लाल-पिवळ्या रंगांत शिसे असू शकते आणि ती धूळ फुप्फुसात जाते. घासायचेच तर ओले घासावे, तोंडाला चांगला मुखवटा बांधून, आणि अंगणात पोरे खेळत असताना तर मुळीच नाही.

दुसरा आक्षेप पावसाचा. तत्त्वे ठीक आहेत, पण इगतपुरीच्या पावसात न रंगवलेला ट्रॅक्टर दहा वर्षांत मातीला मिळेल. इतिहासाचा थर जपायचा तर आधी पत्रा उरायला हवा. हा आक्षेप अर्धा मान्य करावाच लागतो. फक्त गंज ट्रॅक्टरला सगळीकडे सारखा खात नाही. गिअरबॉक्स, इंजिनाचा ब्लॉक, मागचा अॅक्सल ही जाड ओतीव कामे आहेत. त्यांच्यावर गंज चढला तरी तो वरवरचा राहतो, कितीतरी वर्षे. खाल्ला जातो तो पातळ पत्रा: बोनेटच्या कडा, मडगार्डचा आतला वाकवलेला काठ, बॅटरीची पेटी, सीटखालचा भाग. तेव्हा सगळा ट्रॅक्टर एका रंगात बुडवण्याची सक्ती पाऊस करत नाही. तो फक्त काही जागा दाखवतो. तिथे गंज पूर्ण काढून, रेड ऑक्साईड किंवा जस्ताचा प्रायमर देऊन, वर मिळताजुळता हात मारला तर बाकीचा जुना पृष्ठभाग तसाच राहू शकतो. उलट गॅरेजमध्ये सर्रास चालते ते काम, म्हणजे गंजावर लांबी भरून वर ड्युकोचा चकचकीत फवारा, पत्र्याला लवकर मारते. आतला ओलावा कोंडतो आणि फुगवटे दोन पावसाळ्यांनी वर येतात. इथला शेतकरी नांगराच्या फाळाला जळके ऑइल फासून पडवीत टांगतो. रंगापेक्षा तेल आणि छप्पर यांवर त्याचा भरवसा जास्त, आणि डांगी जनावराच्या कातडीनेही तोच मार्ग धरलेला आहे. हौशी माणसाने जळके ऑइल वापरू नये, ते घाण आणि अपायकारक असते. जवसाच्या तेलाचा पातळ हात किंवा मेणाचा लेप जुना, खडूसारखा भुरकट झालेला लाल धरून ठेवतो आणि त्याची खोलीही थोडी परत आणतो. लाल रंग उन्हाने गुलाबी पडतो हे सगळ्यांना माहीत आहे. बोनेटच्या आतल्या बाजूला, टाकीच्या झाकणाखाली, नंबरपट्टीच्या मागे मात्र तो बहुधा पहिल्या तेजाने शिल्लक असतो. कारखान्याचा लाल पाहायचाच असेल तर तो तिथे पाहावा. सगळे यंत्र त्यात रंगवायची गरज उरत नाही.

तिसरा आक्षेप साधा आहे: माल माझा, पैसा माझा, हौस माझी. त्यावर वाद नाही. कायदाही त्याला फारसे अडवत नाही. नोंदणीच्या कागदावर रंगाचा रकाना असतो, त्याच्याशी विसंगत रंग दिला तर कागद दुरुस्त करून घ्यावा लागेल, एवढेच. 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. पण ते दुचाकींसाठी आणि प्रवासी मोटारींसाठी आहेत. ट्रॅक्टर त्यात बसत नाही. ज्या यंत्राने या देशाची शेती बदलली त्याला वारसा म्हणायला कायद्याकडे रकाना नाही, ही मला चुकीची गोष्ट वाटते. हजारांनी निघालेल्या वस्तूला कसला वारसा, असे म्हणणारे असतील. पण हजारांनी निघालेलेच आधी संपते. एकमेव वस्तूला कोणीतरी काचेत ठेवतो, हजारांतली प्रत्येक वस्तू भंगारवाल्याकडे जाते, कारण दुसरी कुठेतरी असेल असे सगळ्यांनाच वाटते. आणि कारखान्यातून निघताना ते ट्रॅक्टर एकसारखे असले तरी तीस वर्षांनी नसतात. एकावर सिन्नरची धूळ, दुसऱ्यावर इगतपुरीजवळच्या घोटीच्या खाचरांचा चिखल. तो फरक रंगातच आहे.

हौसेपुढे कायदा थांबतो म्हणून विचारही थांबावा असे नाही. व्हेनिसला 1964 मध्ये वास्तुरक्षकांनी जो जाहीरनामा केला त्यात दोन गोष्टी आहेत: वास्तूवर वेगवेगळ्या काळांनी घातलेली भर राखावी, आणि जिथून अटकळ सुरू होते तिथे जीर्णोद्धार थांबवावा. इमारतींसाठी केलेले हे नियम ट्रॅक्टरला लावणे काहींना हास्यास्पद वाटेल. मला दुसरा नियम गॅरेजात फार उपयोगाचा वाटतो, कारण तिथे अटकळ फार लवकर सुरू होते: चाकाची रिम पांढरी होती की चंदेरी, पुढची जाळी कोणत्या छटेची, ‘इंटरनॅशनल’ची अक्षरे किती उंच. माहीत नसेल तिथे रंगाचा फवारा थांबवायला हरकत नसावी. आणि रंगवायचेच ठरले, पत्रा गेलाच असेल, किंवा घरातल्यांनी लग्नाच्या वरातीसाठी हट्ट धरला असेल, तर निदान काही कामे आधी करता येतात. चारही बाजूंनी, उन्हात आणि सावलीत, फोटो काढावेत. मडगार्डवरचे पेंटरचे अक्षर बटर पेपरवर गिरवून घ्यावे, म्हणजे त्याचे माप आणि वळण दोन्ही राहते. बोनेटच्या आत हातभर जागा न घासता सोडावी आणि तिच्या कडेला थरांची पायरी दिसेल असे ओल्या पॉलिशपेपरने हळूहळू उतरत जावे: वरचा लाल, खालचा लाल, कदाचित मधे कोणा मालकाचा निळा, आणि सगळ्यात खाली प्रायमर. किती थर, कोणत्या क्रमाने, कोणत्या मालकाच्या काळात, हे विचारून कागदावर उतरवावे आणि तो कागद आरसी बुकात ठेवावा. आधीचा मालक, ट्रॉली जोडणारा पोरगा, चिखलणीचा ड्रायव्हर यांना विचारून घ्यायचे काम रंगापेक्षा आधीचे आहे, कारण बोनेट आणखी एक पावसाळा ताडपत्रीखाली काढू शकते.